साडभाऊची होडी, कागदपत्रांसह

भंडारा,
मार्चचा शेवटचा आठवडा

आदरणीय तेजरामभाऊ यांना, तुमच्या घरच्या मोठ्या जावयाचा, म्हणजे संघपालचा (लहान जावई पत्र लिहीत नाहीत, ते फोटो टाकतात) मनापासून जयभीम.

तुमची साखर कशी आहे? उषावहिनींचे गुडघे आता जिना चढू देतात का? समुद्राकाठची हवा लोखंडालासुद्धा मानवत नाही, मग गुडघ्यांचं काय घेऊन बसलात. इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या आईंचा एक डोळा ऑपरेशननंतर साफ झाला, दुसऱ्याचं त्या नाव काढू देत नाहीत. तुमची बहीण रत्नमाला बरी आहे. मीही बरा आहे, निदान रक्तदाब मोजायच्या मशीनचं तसं म्हणणं आहे. हातात फोन असताना हा माणूस पत्र काय लिहीत बसला, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. फोनवर बोललेलं रत्नमाला ऐकते. आणि व्हॉट्सॲपवर आपल्या घरचा जो ग्रुप आहे, त्याचा फोटो कोणी बदलला ते तुम्ही पाहिलंच असेल. आधी तिथे तुमच्या साठीचा फोटो होता, सगळे त्यात होते आणि मी मधोमध होतो. आता तिथे होडी आहे. होडीच्या तोंडावर होडीची तक्रार करणं मला बरं दिसेना, म्हणून हा कागद.

होडी आली कशी ते आधी सांगतो. प्रफुल्ल म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीचा, हर्षाचा नवरा, माझा साडभाऊ, पवनीला मोटारपंप दुरुस्त करणारा सरळ माणूस, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण सरळ माणूस बिघडतो कसा ते सांगावं लागेल. कुठल्याशा तलावावरचा नौकाविहार बंद पडला होता. तिथे हा पंप दुरुस्त करायला गेला, आणि मजुरीत थोडी भर घालून पांढऱ्या-निळ्या फायबरची मोटारबोट घेऊन आला. (लोक पंप दुरुस्त करायला जातात आणि पंप दुरुस्त करून परत येतात, अशी माझी समजूत होती.) ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होडी, होडीच्या गळ्यात झेंडूचा हार, पुढे डफडं, पवनीच्या बाजारात लोकांना वाटलं, कोणी निवडून आलं. होडीच्या मागच्या अंगाला हातभर अक्षरांत नाव रंगवलेलं, 'हर्षा'. बायकोचं नाव घालावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा रत्नमालानं भात वाढता वाढता विचारलं, "तुमी माह्या नावानं काय केलं आजपर्यंत?" मी म्हटलं, "गॅसचं कनेक्शन." त्या दिवशी वरण तिनं एकदाच वाढलं.

खरं दुखणं मात्र निराळं आहे. आईंचं जुनं गाव गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेल्यापासून त्यांची एकच इच्छा आहे. गावात जिथे आपलं विहार होतं, त्या जागेवर, आता पाण्यावर का होईना, पौर्णिमेला एकदा फुलं वाहायची. ही इच्छा त्या मला सांगत आल्या आहेत. तुम्ही दूर, हर्षाचं लग्न नंतरचं, तेव्हा सांगायला घरात मोठा जावई एकटाच होता. मी दरवर्षी म्हणत आलो, "नेतो ना आई, यंदा नक्की." कधी पाणी फार चढलेलं असायचं, कधी फार उतरलेलं, कधी डोंगा गळका निघायचा, कधी डोंगेवाला सोयऱ्यांकडे लग्नाला गेलेला असायचा. अडचणी येतात माणसाला. आणि होडी आली त्या दिवशी आई ट्रॉलीपाशी गेल्या, गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा त्यांनी होडीवरून हात फिरवला आणि प्रफुल्लला म्हणाल्या, "लहान्या जवाया, आता तूच नेजो बाप्पा मले." भाऊ, तुमच्या घरी आजवर पहिलं ताट माझं, पहिला पान-सुपारीचा मान माझा. मी काही लपवत नाही. मला हेवा वाटला. होडीचा नाही, होडी घेऊन मी काय करू, माझी स्कूटरच दोन ढकलांशिवाय सुरू होत नाही; हेवा वाटला तो त्या 'तूच'चा.

मग मी तिथेच घसा साफ केला आणि विचारलं की, प्रफुल्ल, हिची नोंदणी झालेली आहे का? जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात माझा जन्म गेला. 'आधी सुरक्षा' ही पाटी वाचल्याशिवाय मी कधी चहासुद्धा घेतला नाही. मी म्हटलं, वल्ह्याच्या डोंग्याची गोष्ट वेगळी. एकदा इंजिन लागलं की नंबर लागतो, विमा लागतो, अधिकाऱ्यानं पाहणी करून दिलेला दाखला लागतो, चालवणाऱ्याला परवाना लागतो आणि धरणवाल्यांची परवानगी लागते. (यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी मोटारसायकलचे नियम मोठ्या आवाजात सांगितले होते. पुढे चौकशी केली तर निघालं जवळजवळ तसंच.) माझा अंदाज असा होता की एवढं ऐकल्यावर हा होडीवर ताडपत्री टाकेल, पावसाळ्यापर्यंत तिच्यात कोंबड्या बसायला लागतील आणि आई पुन्हा माझ्याकडे वळतील. पण प्रफुल्लनं हात जोडले. म्हणाला, "अजी भाऊजी, तुमी होते म्हणून बरं झालं. मी पंपवाला मानूस, मले कागदातलं काय समजते? तुमीच करून द्या. आपल्या घरात हे तुमच्याशिवाय कोनाले जमते?" तो टोमणा असता तर मी पचवला असता. तो मनापासून बोलत होता. सगळं घर माझ्याकडे पाहत होतं, आणि आईसुद्धा पाहत होत्या.

अशा रीतीनं, जी होडी पाण्यात उतरू नये असं मला वाटत होतं, ती पाण्यात उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. मागच्या हिवाळ्यात मी तुम्हाला सकाळ-संध्याकाळ फोन करून बंदर, नौका आणि नोंदणी यांविषयी विचारत होतो, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की संघपालराव उतारवयात खलाशी होतात की काय. तर ते हे. वैनगंगेतल्या होडीची जन्मनोंद समुद्राकाठच्या लोकांना विचारून करायची, हा सरकारी न्याय मला अजून उमगलेला नाही. फॉर्ममध्ये होडीची लांबी, रुंदी आणि खोली विचारली होती. प्रफुल्लवर सोपवलं तर त्यानं खोली म्हणून गोसेखुर्दची सांगितली. मग टेप घेऊन मीच वाकलो. इंजिनचा नंबर पुसट झालेला, त्याच्यावर कागद धरून पेन्सिल घासली म्हणजे उमटतो, म्हणून मी इंजिनखाली उताणा झोपलो, आणि तेवढ्यात हर्षानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. (त्याला सगळ्यात आधी अंगठा तुम्ही दाखवलात, हे माझ्या लक्षात आहे.) एका ठिकाणी विचारलं होतं, नौकेचं मूळ बंदर कोणतं. आता भंडारा जिल्ह्यात पितळेची भांडी आहेत, तांदूळ आहे, मॅंगनीज आहे, तलाव तर विचारूच नका. पण बंदर कुठून आणू? जिल्हा तुटला तेव्हा ते गोंदियाकडे गेलं असं म्हणावं, तर त्यांच्याकडेही नाही. शेवटी 'पवनी घाट' असं लिहून दिलं आणि ते चाललं. तेव्हापासून ज्या घाटावर म्हशी धुतात त्याच्याकडे मी जरा आदरानं पाहतो.

पाहणीला अधिकारी आले त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल काखेत धरून घाटावर उभा होतो. ते गाडीतून उतरले ते सरळ माझ्याकडे आले, हात मिळवला आणि म्हणाले, "छान ठेवली आहे बोट तुम्ही." मी 'माझी नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बोललो ते 'आभारी आहे'. त्यांनी अग्निशामक पाहिला, दोर पाहिला, नांगर पाहिला, शिटी वाजवून पाहिली, जॅकेटं मोजली, आणि प्रत्येक वेळी मला शाबासकी दिली. त्या अर्ध्या तासात ती होडी माझी होती, भाऊ. मग पाण्यातून बनियनवर प्रफुल्ल वर आला, पंख्यात अडकलेलं शेवाळ काढत होता तो, आणि मी म्हटलं, "हे मालक." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि सही घ्यायला त्याच्याकडे गेले.

परवान्याचं तर तुम्हाला सगळं ठाऊकच आहे. होडी चालवायचं शिक्षण आणि परीक्षा दोन्ही तुमच्याकडे कोकणात, म्हणून तो तुमच्याच घरी उतरला होता. उषावहिनींनी त्याला सुरमई खाऊ घातली, तेही मला ग्रुपवरूनच समजलं. (आम्ही दोघं दिवाळीला आलो होतो तेव्हा बांगडा होता. बांगडा चांगला होता, माझी तक्रार नाही, मी फक्त नोंद करतोय.) पहिल्याच फटक्यात पास होऊन आला. येताना माझ्यासाठी कोकमाचं सरबत घेऊन आला, आणि ते इतकं चांगलं निघालं की मला रागानं दोन ग्लास प्यावं लागलं. होडीवर नंबर टाकायचं काम मीच केलं, कारण पवनीच्या पेंटरला सोपवलं असतं तर त्यानं आकड्यांच्या दोन्ही अंगांना मोर काढले असते. दोन्ही बाजूंना नंबर, आणि आत, सगळ्यांना दिसेल अशी माझ्या अक्षरात पाटी: 'क्षमता: चालकासह पाच व्यक्ती'. त्यातलं 'पाच' मी मुद्दाम लाल रंगात काढलं.

आता माघ पौर्णिमेचं ऐका. आई पांढरं लुगडं नेसून, ओच्यात चाफ्याची फुलं घेऊन घाटावर आल्या. प्रफुल्ल चालवणार, हर्षा बसणार (तिच्या नावाच्या होडीतून तिला उतरवणार कोण), आईंना धरायला रत्नमाला, आणि मान म्हणून मी. झाले पाच. तेवढ्यात केशरबाई आल्या. आईंच्या जुन्या गावच्या शेजारीण, पुनर्वसनातही दोन घरं सोडून राहतात, त्या वेगळी फुलं आणि चिवड्याचा डबा घेऊन आल्या. आई म्हणाल्या, "केशर तं येईनच." प्रफुल्ल म्हणाला, "चाला भाऊजी, एकानं काय फरक पडते?" मी लाल पाचवर बोट ठेवलं. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, आणि जॅकेटंही पाचच आहेत. माझा हिशोब असा की आता एक तर हर्षा उतरेल, नाहीतर बेतच पुढे ढकलला जाईल. सगळ्यांनी पाटी वाचली. मग सगळ्यांनी मला वाचलं. रत्नमालानं आपली पर्स माझ्या हातात दिली, आईंनी चप्पल काढून माझ्या पायाशी ठेवली, आणि हे सगळं इतकं चटकन झालं की मी मागे केव्हा सरकलो ते माझं मलाच कळलं नाही.

होडी निघाली. बायकांनी मागे वळून हात हलवले, मी पर्स हलवली. बराच वेळ 'हर्षा' दिसत होतं, मग होडी वळली आणि फक्त नंबर दिसत राहिला, माझ्या हातचा. काठावर शकुनबाई म्हणून एक कोळीण झिंगे निवडत बसली होती. तिनं विचारलं, "तुमी नाई गेले का जी?" मी म्हटलं, "नियमात बसत नाही." ती म्हणाली, "कोनाच्या?" मी म्हटलं, "माझ्याच." तिनं मला पाव किलो झिंगे बांधून दिले आणि पैसे घ्यायला नको म्हणाली, यावरून माझं तोंड कसं दिसत असेल याची तुम्ही कल्पना करा. मी तिथे पायरीवर बसून काय काय चिंतलं ते लिहिण्यासारखं नाही. इंजिन बंद पडावं, असं मी चिंतलं नाही, कारण त्यात रत्नमाला होती. पण ते थोडं धूर सोडेल तर बरं, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

होडी परत आली ती ऊन चांगलं तापल्यावर, आणि आईंच्या ओच्यात फुलं तशीच होती. झालं होतं असं. पाण्यावरून सगळं सारखंच दिसतं. होडी जुन्या गावाच्या अंदाजानं थांबवली तर आई म्हणाल्या, विहार इथे. केशरबाई म्हणाल्या, "इथं कायचं विहार? इथं तं माहा गोठा होता." आई म्हणाल्या, तुझा गोठा पिंपळाच्या पलीकडे. पिंपळ कुठे, यावर दोघींचं जुंपलं. प्रफुल्ल बिचारा डावीकडे घे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे घे म्हटलं की उजवीकडे, अशा गावावरून घिरट्या घालत राहिला. त्यानं गाव कधी पाहिलेलंच नाही, तो काय सांगणार? पेट्रोल अर्ध्यावर आलं. बुद्धांची फुलं केशरच्या गोठ्यावर पडायला नकोत म्हणून आईंनी ती वाहिली नाहीत, आणि आपली फुलं पार्वताबाईच्या उकिरड्यावर पडायला नकोत म्हणून केशरबाईंनी. चिवडा मात्र दोघींनी मिळून संपवला.

आई घाटाच्या पायरीवर उतरल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "मोठे जवाई, गाव उठलं तवा विहाराच्या फाड्या तुमीच काढल्या. कोन्या टेकडीच्या समोर काय होतं ते तुमालेच मालूम. तुमी दावल्याबिगर मी फुलं टाकत नाई. बुद्ध पौर्णिमेले तुमी समोर बसा." भाऊ, माझा ऊर भरून आला. खरंच आहे ते. तुमचे वडील चौकटी उतरवत होते आणि मी दगड ट्रॉलीत भरत होतो, आंब्याची टेकडी बरोबर विहाराच्या दारासमोर यायची, डोळे मिटले तरी दिसते. मी प्रफुल्लकडे पाहिलं. वाटलं, आता तरी याचा चेहरा पडेल. तो हसत होता. म्हणाला, "मी तं कवाचाच म्हणत होतो, भाऊजीले घ्या म्हणून." हर्षानं तिथल्या तिथे आपली जागा मला देऊन टाकली. हा त्या नवरा-बायकोचा मोठा दोष आहे, त्यांच्यावर धड रागावतासुद्धा येत नाही.

तर असं हे सगळं आनंदात पार पडलं आहे आणि बुद्ध पौर्णिमेला मी होडीच्या नाकावर बसून आईंना जागा दाखवणार आहे. उषावहिनींना जयभीम सांगा. लाखोळीची नवी डाळ बसवाल्याबरोबर पाठवतो, डबा परत आला नाही तरी चालेल.

तुमचा,
संघपाल

ता. क. एक लहानसं काम होतं. तुमच्याकडच्या त्या नोंदणीवाल्या लोकांना सहज विचाराल का, की साठी उलटलेल्या, चष्मा लावणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला होडीच्या पुढच्या भागात बसायला मनाई करणारा एखादा नियम आहे काय? मी सगळी नियमावली दोनदा वाचली, मला सापडला नाही. नियम असेल तर त्याची प्रत शिक्क्यासह पाठवा. मी आईंना दाखवेन आणि फार वाईट वाटल्यासारखं करेन.

ता. क. २. वरचं राहू द्या, कोणाला विचारू नका. तुम्ही घरचे मोठे, तुमच्यापासून काय लपवायचं. मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते, गुडघ्याच्या वर पाणी आलं की छातीत धडधडतं. आईंना इतकी वर्षं नेलं नाही ते त्यामुळे; तो डोंगा तसा फारसा गळका नव्हता. जॅकेट घातलं की माणूस बुडत नाही हे मी घरात सगळ्यांना समजावून सांगितलं, पण मला समजावून सांगणारं कोणी नाही. आणि आता नाही म्हटलं तर आई फुलं टाकणार नाहीत, हे तुम्ही जाणता. म्हणून खरं काम हे, की तुम्ही प्रफुल्लला एक पत्र टाका. त्यात लिहा की, तुझ्या भाऊजींना पोहायला शिकव. तो म्हशीच्या शेपटीला धरून पोहायला शिकला आहे, तो शिकवेल. मात्र हे तुमच्याच मनात आल्यासारखं लिहा, माझं नाव येऊ देऊ नका.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार होतो तेवढ्यात प्रफुल्ल येऊन गेला. सोबत ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब होती, हवा भरलेली. म्हणाला, "भाऊजी, उनाळा लागला, सकाळी माह्यासंगं नदीवर चालत जा ना, एकट्याले पोहाले करमत नाही." हेसुद्धा त्यालाच आधी सुचावं! मी म्हटलं, मला वेळ नसतो. तो बरं म्हणाला आणि ट्यूब अंगणात ठेवून गेला. तेव्हा भाऊ, पत्र लवकर टाका. मोठ्या मेहुण्यांचा हुकूम आला म्हणजे मला हो म्हणता येईल.